मशिनी माघारी गेल्या

"पदर काढ तोंडावरचा. फोटूत कळू दे, कुणाला मशीन दिली ती."

उमरग्याच्या मंगल कार्यालयात, भरल्या सभेत मालक मला असं म्हणले. मालक म्हंजी गावातले बडे व्यापारी. आमच्या संस्थेला शिलाई मशिनी द्यायला आलते. संस्था लहान. फसवून नेऊन इकलेल्या पोरींना सोडवून आणती, पायावर उभं करती. मी त्यातलीच. परंड्याकडच्या आमच्या खेड्यातला शेजारी मला हैदराबादला हॉटेलात काम लावतो म्हणून घेऊन गेला. अन् कोठ्यावर इकून आला. दोन वर्षं कोंडून होते. संस्था चालवणाऱ्या ताईंनी पोलिस आणून मला बाहेर काढलं.

ताई पुढं झाल्या. "मालक, चेहरा नको. कायद्यानं दाखवता येत न्हाय."

मालक हसले. माइक हातातच.

"आता हिचं काय उरलंय लपवायला?"

पहिल्या रांगेतले हसले. बायासुदीक.

माझं अंग पेटलं. तिथंबी मला असंच उभं करायचे. लोकांनी बघावं म्हणून. इथं नुसते हार-तुरे जास्ती.

म्या माइक ओढला. "मालक, एकदा इकली गेले. मशिनीपायी परत न्हाय इकायची."

"मग मशीन न्हाय मिळायची."

"नगं."

टेम्पो भरला तसाच माघारी गेला. संस्थेतल्या पोरी माझ्यावर खवळल्या. एक म्हणली, "तुझ्या तोऱ्यापायी आमचं काम गेलं." तिचंबी खरंच होतं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली न्हाय. पण माझा राग निवला न्हाय. मदत करणाऱ्याला आमची लाजच कशाला लागती बदल्यात?

ताई रागावतील वाटलं. त्या एवढंच म्हणल्या, "मशिनींचं बघू गं. दुसरी माणसं हायत."

होती बी. कळंबच्या एक मास्तरीणबाई दोन मशिनी ठेवून गेल्या. कुणाचं नाव इचारलं न्हाय. चहा पिल्या, गेल्या.

पोलिसांनी शेजाऱ्यावर केस केलती, पण तवर मी कोर्टात साक्ष द्यायला न्हाय म्हणत होते. गावात आईचं जिणं अवघड होईल, ही भीती. त्या सभेनंतर म्या ताईंना सांगितलं, "साक्षीला मी उभी ऱ्हाते."

पुढच्या महिन्यात तारीख हाय. शेजारी समोर असंल. त्याचा वकील मला खोटी पाडायला बघंल. बघू दे. मी त्या शेजाऱ्याचं नाव घेणार. बापाच्या नावासकट, गावासकट. मोठ्यानं.