मांडीवरचे जोडे

मुलगी गाडी चालवायला बसली की मी तिच्या पायांकडेच बघते. आज तिने जाड तळव्यांच्या नव्या सँडल घातल्या होत्या. चामड्याचा वास गाडीभर पसरला आणि मी सीटबेल्ट ओढून घट्ट केला.

असाच वास बाबांच्या सेफ्टी शूजना यायचा, वर ग्रीसचा. आमची पहिली गाडी आली त्या दिवशी बाबा स्टील प्लांटमधून तसेच आले आणि आम्हाला मरोद्याच्या घरून रुआबांध्याला फिरवायला निघाले. वाटेत गाय आडवी आली. बाबांनी पाय ब्रेककडे नेला, पण बुटाचं लोखंडी टोक पेडलखाली अडकलं. पाय सोडवून गाडी थांबवली तेव्हा गाईचं शेपूट बॉनेटला घासत होतं.

"काढा ते जोडे," आई म्हणाली.

"अवं, सेफ्टी शूज आहेत हे! याच्याशिवाय प्लांटमध्ये आत घेत नाही."

"तुमच्या बोटाईची सेफ्टी झाली. लेकराईची कोण पाहीन?"

बाबा अनवाणी झाले. खाली ठेवले तर पेडलखाली जातील म्हणून आईने ते काळे, जड जोडे नव्या साडीवर, मांडीत धरले. मागे बसून मी आणि भाऊ घरापर्यंत हसत होतो. आईने ते दोन्ही हातांनी आवळून धरले होते, तेही तेव्हा गमतीचंच वाटलं.

"सँडल काढ," मी मुलीला म्हणाले.

"मम्मी, कुछ नहीं होता!"

"काढ म्हटलं ना."

वैशाली नगर येईपर्यंत मी त्या सँडल मांडीवर घट्ट धरून बसले. मुलगी हसत होती, आणि माझा उजवा पाय खालच्या मॅटवर ब्रेक शोधत होता.