मावशीची मरियामाता

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण माझ्या या गाढवपणात शेवटी एक माणूस जातं.

नाशिकरोडला आमच्या शेजारी सेलिनामावशी राहायची. एकटीच. पोटात पाणी झालेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. उशाशी एक लाकडी फळी, तिच्यावर रंगवलेली मरियामाता, कडेवर बाळ येशू. वसईला तिच्या आजोबांनी स्वतः रंगवलेली. मेणबत्त्यांच्या धुराने पार काळवंडली होती.

"अनंता," मावशी म्हणाली, "आईचं तोंड दिसत नाही रे. जरा पुसून आण. तिला बघत डोळे मिटायचेत."

आता पुसायचं म्हणजे फडक्याने, नाही का? पण आमच्या घरची रीत! दसऱ्याआधी देव चिंचेने घासून लख्ख करायचे. मी फळी मोरीत घेतली. चिंच, मीठ, काथ्या... आणि काम अर्धवट सोडेन तो मी कसला?

बायको डोकावली. "अहो! ते काय पितळ आहे?"

तोवर बाळ येशू शाबूत, आणि आईच्या खांद्यांवर नुसतं लाकूड!

पंचवटीतल्या मूर्तिकाराकडून रंग आणले. पण चेहरा कुणाचा बघून काढायचा? बायकोला म्हटलं, "जरा बस ना समोर."

"तुमच्या पापात मला ओढू नका!"

राहिला आरसा. अगदी बारीक ब्रशने, जीव ओतून रंगवलं. मिशी तेवढी वगळली.

फळी परत उशाशी ठेवली. मावशीने बराच वेळ निरखलं.

"अनंता, मिशी कधी काढलीस रे?"

मग चिंचेपासून सगळं सांगितलं. मावशी हसली, खोकली, पुन्हा हसली. "जन्मभर हिच्यापुढे मेणबत्त्या लावल्या, आणि न्यायला आला कोण, तर शेजारचा!"

"उचलून नेऊ का, मावशी?"

"राहू दे. बाळ तर तेच आहे ना? दिवा मालव. अंधारात आईच वाटेल."

सकाळी बायकोने केलेली पेज घेऊन गेलो. मावशी कुशीवर, तोंड फळीकडे. पेज तशीच गार झाली.

दिवस वाईट गेला की आपण म्हणतो ना, सकाळी कुणाचं तोंड बघून उठलो? मावशी माझं तोंड बघत निजली. उठलीच नाही.