सायलीचं नातं काढताना

दिवाळीच्या तोंडावरचं पिवळसर ऊन अंगणात उतरलं, की आमच्या अंबडकडच्या हवेला मोसंबीच्या सालीचा कडवट-गोड गंध येतो. त्या गंधातच परवा माझी नात पूनम विद्यापीठातल्या तीन मैत्रिणींना घेऊन आली, आणि घर एकदम सांजेच्या चिमण्यांच्या झाडासारखं किलबिलू लागलं.

आता मला एक खोड आहे, सांगूनच टाकते: आल्या माणसाला पाणी दिलं, की गाव विचारायचं आणि नातं काढायचं. पूनमच्या विद्यापीठातली मुलं बहुतेक आपल्याच मराठवाड्यातली, त्यामुळे काम सोपं. धावडा गावच्या मुलीची आत्या माझ्या जावेची वहिनी निघाली, परभणीच्या मुलीच्या मामाच्या लग्नात तर मी जेवून आलेली! पण तिसरी, सायली, थेट सिंधुदुर्गातली. हवा तो विषय इथे मिळाला म्हणून इतक्या दूर आलेली. कुडाळ, मालवण, सावंतवाडी... माझे सगळे धागे घाटमाथ्यावरच तुटले.

"आजी, आता समुद्रात उतरता का नातं काढायला?" धावड्याची खिदळली.

"राहू द्या," सायली म्हणाली, "माझं इकडे कुणीच निघायचं नाही." हसली खरी, पण मोसंबीची फोड हातात तशीच राहिली.

पूनमनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "आजी, बस कर ना! सारं सामान घेऊन निघालीय ती. एकटं वाटतं म्हणती. दिवाळीनंतर परत यायचंच न्हाई म्हणून राह्यली."

मंग काय, दुपारभर जिवाला चैन नाही. शिकायला आलेली कोवळी पोर, आणि तिचं परकेपण मीच असं चारचौघींत उघडं करावं!

संध्याकाळी निघताना लेकीला घालतात तसे तिच्या ओढणीत गहू घातले, वर देवघरातला नारळ ठेवला. म्हटलं, "तुमच्याच किनाऱ्यावरचा असंल बघ. इतकी वर्षं तुमची झाडं आमच्या लेकींच्या ओट्या भरून राह्यली, अन् मी येडी नातं हुडकतेय!"

तिनं नारळ कानाशी हलवला, टिचकी मारली, आणि खुदकन हसली. "ह्यो आमचो नाय, आजी!" मग सावरून म्हणाली, "आमचा कसा असतो, तुम्हाला ठाऊकच नाही. थांबा, येताना घेऊन येते."

पूनमनं तोंड उघडलं. मी हळूच तिचा हात दाबला.

गाडी गेली, सोनेरी धूळ सावकाश खाली बसली. नातं म्हणजे मागं जाऊन शोधायची गोष्ट, असंच मी जन्मभर धरून चालले होते. देवघरातली नारळाची जागा परवापासून मोकळी ठेवली आहे.