शेंगाची अंडी फुटली तेव्हा मी मसोलीत होते

सुजाताचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "एका अंड्याला चीर गेली गं! नाकाडं बाहेर आलंय. निघ लगेच!" मी "अय्या, हो का!" म्हणाले आणि लाटणं इतक्या जोरात ठेवलं की माझा नवरा मंदार आतल्या खोलीतून "काय फुटलं?" विचारत आला. अजगराचं अंडं, म्हटलं. तासाभरात बॅग भरून मी नाशिकहून डहाणूच्या रस्त्याला लागले.

डहाणूला लोक चिकू खायला आणि समुद्र बघायला जातात. मी कुढायला गेले. खोटं कशाला लिहू?

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सुजाता आणि मी डी.एड.ला एका बाकावर होतो. आता ती डहाणूजवळ मसोलीत राहते, मी नाशकात. दोघीही शिक्षिका, आणि दोघींच्याही घरात बॉल पायथन जातीचे अजगर आहेत. आपल्या रानातला अजगर पाळणं गुन्हा आहे, तो विचारही करू नका. हा आफ्रिकेतला, आकाराने लहान, रीतसर नोंदणी करून पाळता येणारा. त्याच्या अंगावरची नक्षी आईबापांकडून येते. तपकिरी अंगावर मधेच शुभ्र पांढरे पट्टे असतील तर त्या नक्षीला पाइड म्हणतात. ती आई आणि बाप दोघांकडून आली तरच अंगावर उमटते. एकाकडूनच आली तर जनावर दिसायला साधंच राहतं, गुण आत लपून बसतो. तो आहे की नाही, हे पिल्लं होईपर्यंत कळत नाही.

माझ्याकडे अशा दोन बहिणी होत्या, ज्यांच्यात हा गुण लपलेला असू शकेल. रेखीव नक्षीची राणी मी ठेवून घेतली. मातकट दिसणारी शेंगा सुजाताला तिच्या वास्तुशांतीला दिली. हे वेडही तिला मीच लावलेलं. राणीला मी माझ्या धवलशी, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या नराशी, दोनदा जुळवलं. दोन्ही वेळा झाडून सगळी पिल्लं तपकिरी. गेल्या हिवाळ्यात सुजाताने शेंगासाठी धवल मागून नेला. आमच्यात रिवाज असा की नर उसना दिला तर पिल्लं निम्मी-निम्मी, आणि पहिली निवड नरवाल्याची. म्हणजे पांढरी पिल्लं निघाली तर निम्मा फायदा माझाच होता. तरीही मोखाड्याच्या वळणांवर मी मनात घोकत होते, सगळी तपकिरी निघू देत. जे राणीत नाही ते शेंगात असू नये, एवढंच मला हवं होतं.

रस्त्याचं सांगायचं तर त्र्यंबकपर्यंत काही त्रास नाही. पुढे जव्हारपर्यंत वळणंच वळणं, गाडी लागणाऱ्यांनी लिंबू जवळ ठेवावं. जव्हारला चहा पिऊन घ्या. मला त्यानंतर थेट कासाला धड चहा मिळाला. चारोटीला हायवे ओलांडला की वाडीबागा सुरू होतात आणि हवा घामट होते. गंजाडला एक बाई रस्त्याकडेला ताडगोळे सोलत बसली होती. डझनभर घेतले, सुजातासाठी. रिकाम्या हाताने जाऊन जळणं बरं दिसत नाही.

सुजाताचा नवरा रेल्वेत सिग्नल विभागात आहे. अंडी उबवायची पेटी त्याने स्वतः बनवली आहे, लाइट गेली तरी उष्णता जराही हलत नाही. आमच्याकडे मंदारला बल्ब बदलायला सांगितला तरी मिस्त्री येतो. म्हणजे पेटी उघडण्याआधीच माझं एक जळून झालं होतं.

आत सहा अंडी होती आणि चार अंड्यांतून डोकी बाहेर आली होती. सगळी तपकिरी. पण त्यावरून काहीच कळत नाही, कारण पाइडचं डोकं तपकिरीच असतं. पांढरं असतं ते आत, अंड्यात गुंडाळलेलं अंग. काही लोक अंडं कापून आत डोकावतात. मी पर्समधून छोटी कात्री काढलीसुद्धा.

"ठेव ती आत," सुजाता म्हणाली. "बलक पुरता शोषून व्हायचा असतो अजून. तूच शिकवलंस ना?"

शिकवलं होतं खरं. कात्री आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही डोकी तिथल्या तिथेच. शेजारच्या काकी शेंगाला सूनच म्हणतात. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "काय टीचर, झाली का सुनेची डिलिव्हरी?"

"नाही ना काकी, नुसती डोकी दिसतायत," सुजाता म्हणाली.

"मग तुम्ही दोघी तोंडासमोर बसून राहाल तर ती कशी येतील बाहेर? लाजत असतील."

हे पटलं म्हणा, किंवा माझं चुळबुळणं सुजाताला बघवेना म्हणा, आम्ही गाडी काढली. तलासरीत एक जण खास सापवाल्यांसाठी पांढरे उंदीर वाढवतो. ते घेऊन पुढे गुजरातच्या हद्दीवर अच्छाडला ढाब्यावर जेवायचं ठरलं. ट्रकांच्या रांगा चुकवायच्या असतील तर बाराच्या आत पोचा. मालकाने खुर्च्या पुसल्या. "बेसो बेन, बेसो. छास एकदम ठंडी आहे."

"बे आपो, मोटा ग्लास," सुजाताने दोन ताकं मागवली. तिला गुजराती येतं. माझं आणखी एक जळलं.

मालकाचं लक्ष भोकं पाडलेल्या खोक्याकडे गेलं. "ह्याच्यात सुं छे?"

"उंदीर."

"नको हां बेन! धंद्याची वेळ आहे. गिऱ्हाईक पळेल."

उन्हात बंद गाडीत उंदीर मेले असते. मग एकीने एसी लावून खोकं सांभाळायचं आणि दुसरीने जेवायचं असं ठरलं. शेवभाजी, बाजरीचा रोटला, ताक. दोघींचं मिळून साडेतीनशेत झालं. मी मांडीवर उंदीर घेऊन बसले असताना सुजाता हात पुसत काचेपाशी आली. "एक जरी पांढरं निघालं ना, तर मी रडणार हां. आधीच सांगून ठेवते." मी म्हणाले, "निघेल गं." माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे. तिने काही पाहिलं नाही, कारण तिला असलं काही पाहायची सवयच नाही.

घरी परतलो तर पहिलं पिल्लू अंड्यातून पूर्ण बाहेर आलं होतं. तपकिरी. "अरेरे," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच गोड लागला. दुसरंही तपकिरी. मी चहा टाकायला उठले, तर सुजाताने मागून माझा हात धरला. वळून पाहिलं. तिसरं पिल्लू निघत होतं. डोकं तपकिरी, मान तपकिरी आणि मग पांढरं. दुधासारखं पांढरं, थेट शेपटीजवळच्या एका तपकिरी ठिपक्यापर्यंत.

सुजाता फरशीवर बसून रडली. मग शेंगाच्या पेटीवर हात ठेवून म्हणाली, "शेंगे, बघ गं, काय केलंस तू." मी पिल्लाकडे बघतच नव्हते, मी तिच्याकडे बघत होते. पहिली निवड माझी, ते पिल्लू मी घरी नेऊ शकत होते. पण ते पहिल्यांदा दिसतानाचा तो क्षण तिचा होता, आणि तो वाटून घ्यायचा कुठलाच रिवाज नव्हता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आतून नुसती पेटत होते.

बाकीच्यांत आणखी एक पाइड निघालं, पण त्याला पोटाशी बोटाच्या पेराएवढाच पांढरा पट्टा. सकाळी निवड झाली. सुजाताचा जीव कुठे होता ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"मला माहीत होतं," ती हसून म्हणाली. "म्हणून उठल्या उठल्या त्यालाच डोळे भरून बघून घेतलं."

पिल्लं पहिली कात टाकून जेवायला लागली आणि त्यांची नोंदणी झाली की मगच हलवायची असतात. त्यामुळे मी मोकळ्या हातांनी निघाले. तिने डिकीत चिकूंची करंडी ठेवली होती. घरी पोचल्यावर मंदार म्हणाला, "जिंकलीस की!" मी चिकू फ्रिजमध्ये ठेवले.

पुढे कात पडली आणि सुजाताने दोन्ही पाइड पिल्लांचे फोटो पाठवले, माझ्या आणि तिच्या वाट्याच्या. खाली लिहिलं होतं, "तुझं जेवलं. माझं उंदराला तोंडच लावत नाही, वाळायला लागलंय." वाचून मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मग फोटो मोठा करून पाहिला. माझ्या पिल्लाला तिने छोटा डबा दिला होता आणि स्वतःच्या लाडक्याला हौसेने ऐसपैस. इतक्या मोकळ्या जागेत ही पिल्लं भेदरतात आणि उपाशी राहतात. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. मी संध्याकाळपर्यंत गप्प बसले. मग फोन केला.

"डबा लहान कर गं. अंग सगळीकडून टेकायला हवं त्याला."

"अगं हो की! तू आहेस म्हणून बाई."

दोन दिवसांनी फोटो आला. तिच्या पिल्लाच्या तोंडातून उंदराची शेपटी लोंबत होती आणि मागे सुजाता कानापासून कानापर्यंत हसत होती. "चांगलं केलंस," मंदार म्हणाला. चांगलंच केलं होतं. मी फोटो पुन्हा मोठा करून त्या पिल्लाचा पांढरा पट्टा निरखला. माझ्या पिल्लापुढे तो काहीच नव्हता. तरी पोटात दुखायचं ते दुखलंच.