वरची मूठ

खारघरच्या ताईंनी मला फसवलं. माझी सुकी मासळी त्यांनी दोन वर्षं गावोगाव विकली आणि आपण जन्मात मासा खाल्लेला नाही, हे मला कधी सांगितलं नाही. पण ते मी सोडून देतो. त्यांनी माझं खरं जे नेलं, ते काट्यावर घालता येत नाही.

मी गव्हाणचा. आईने पनवेलच्या बाजारात टोपली घेऊन बसून, सुकट-बोंबील विकून मला वाढवलं. मी तोच माल पाकिटांत भरला आणि इंटरनेटवर दुकान मांडलं. माल एक नंबर होता, पण गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं मी द्यायचो. कुणी "थोडं कमी करा ना" लिहिलं की मी लिहायचो, "मग होडी घ्या आणि स्वतः पकडा." शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही दुकान चालवताय की भांडणं? बोलायला कुणीतरी ठेवा."

घरबसल्या अशी कामं करणाऱ्या या ताई मला फोनवरच सापडल्या. पगार मी मुद्दाम पाडून सांगितला. म्हटलं, आता घासाघीस रंगेल. त्या म्हणाल्या, "चालेल, दादा." झालं! मी दोन दिवस अस्वस्थ. जो घासाघीस करत नाही तो काहीतरी लपवतो, हे मला बाजाराने शिकवलंय. खारघर आमच्यापासून वीस मिनिटांवर, पण बोलावलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "येऊन काय करू? काम इथूनच होतंय ना?"

त्यांची एक खोड होती. ऑर्डर घेण्याआधी प्रत्येकाला विचारायच्या, "घरी कोण कोण असतं?" लोक लिहीत सुटायचे. सासूचे दात, सुनेचे डोहाळे, सगळं. मी फोन करून ओरडलो, "मासळी विकताय की सोयरीक जुळवताय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "दात नसलेल्या सासूला बोंबील पाठवून काय उपयोग, दादा? त्यांना बारीक जवळा सांगितला." पुढे एकदा एका गिऱ्हाइकाला मी स्वतः उत्तर दिलं, तर बाई लिहिते, "तुम्ही कोण? ताईंना द्या." माझंच दुकान आणि मी कोण!

त्यांना मासळीतलं एवढं कसं कळतं, याचं मला कोडं होतं. ते आमच्याच घरात उलगडलं. रोज दुपारी त्यांचा फोन आईला यायचा. आई खाटेवर बसून तासभर बोलायची, हसायची. मी खोलीत गेलो की गप्प.

"काय बोलता एवढं?" मी विचारलं.

"ती इचारते, मी सांगते," आई म्हणाली. "तुला कुठं ऐकायला येल हाय?"

मग पाकिटं जड जायला लागली. मी एक फोडून मोजलं, तर मूठभर सुकट जास्त. पाकिटं भरणाऱ्या बायकोने कबूल केलं, "ताईंचा निरोप असतो. या घरी बाळंतीण आहे, वर मूठ घाला, असा." माझं डोकं फिरलं. फोन लावून नको ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आईंची रीत आहे ती," त्या म्हणाल्या. "त्या पोटुशी होत्या, तेव्हा बाजारातल्या एका मुसलमान खालांनी त्यांना तांदूळ मोजून दिल्यावर वर एक मूठ टाकली. म्हणाल्या, ही पोटातल्याची. तेव्हापासून आई वरची मूठ टाकायच्या. पोटात तुम्हीच होतात ना, दादा? तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. ती मूठ मी लहानपणापासून बघत होतो, आणि आईला भाव राखता येत नाही असं समजत होतो. ते मला एका परक्या बाईच्या तोंडून कळावं! "उद्यापासून येऊ नका," मी ओरडलो. त्या तर कधी आल्याच नव्हत्या.

आई चार दिवस दुपारी फोन हातात घेऊन बसली; तो वाजला नाही. पाचव्या दिवशी मी जवळ बसलो. म्हटलं, "आई, बाजारातलं काहीतरी सांग ना." तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय रं, माल कमी पडला काय?"

त्या पावसाळ्यात आई गेली.

बाराव्याला ताई पहिल्यांदा आल्या. दारातच मासळीच्या वासाने त्यांनी पदर नाकाला लावला, आणि तेव्हा मला कळलं. "आमच्या घरी अंडंही येत नाही," त्या म्हणाल्या. "चव मी आईंच्याच शब्दांत सांगायचे." त्या आईच्या फोटोपुढे रडल्या. माझ्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

वरची मूठ आता मी स्वतः घालतो. पण एका मुठीने माझं भागत नाही. दोन वर्षांच्या सगळ्या दुपारी ताईंकडे आहेत. आई कशाला हसायची? माझ्याबद्दल काय म्हणायची? काही म्हणायची का? ते सगळं खारघरला एका बंद फ्लॅटमध्ये आहे, आणि माझ्याकडे रिकामी खाट. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर या. वास सहन करा, त्या खाटेवर बसा आणि पहिल्या दुपारपासून मला जबाब द्या. या वेळी मी घासाघीस करणार नाही.