साडूभाऊ आणि मिठाचं पाणी

जगातले सगळे आजार उन्हाने होतात आणि मिठाच्या पाण्याने बरे होतात, यावर मनापासून श्रद्धा असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला आहे. माझ्या या साडूभाऊंचं धुळ्यात कूलरचं दुकान आहे, त्यामुळे ऊन हा त्यांचा वैरीही आणि अन्नदाताही. होळी पेटली की ते कानाला रुमाल गुंडाळतात, पँटच्या एका खिशात कांदा आणि दुसऱ्यात मिठाची डबी ठेवतात आणि हा जामानिमा थेट मृग लागेपर्यंत उतरत नाही. मे महिन्यात त्या कांद्याचं जे काय होतं, त्यामुळे बँकेच्या रांगेत त्यांच्या पुढचा आणि मागचा माणूस जरा अंतर राखूनच उभा असतो. लोक शिस्तीचे झालेत, असं साडूभाऊंना वाटतं.

समोरच्याने नुसता कपाळाला हात लावला तरी यांना त्यात ऊन दिसतं. शिंदखेड्याच्या एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसल्या बसल्या मोजडी सारखी करायला वाकला. साडूभाऊंनी बँड थांबवला, त्याला खाली उतरवलं आणि तांब्याभर मिठाचं पाणी त्याच्या घशात ओतलं. नवरदेवाने ते शेरवानीसकट सगळ्यांच्या अंगावर परत केलं. मुहूर्त टळला, वरबाप मारायला धावला आणि आमचे हे शांतपणे म्हणाले, "दखा, ऊन बाहेर निंघनं." मला एकदा ऐन जानेवारीत इकडे आमच्या जळगावला सर्दी झाली, तेव्हा फोनवर निदान आलं, "हाई मागला मे महिनानं ऊन शे, आंगमा मुरेल शे." मी गुपचूप मिठाचं पाणी प्यायलो. नाही म्हटलं असतं तर ते पाजायला जळगावला आले असते.

असा हा धन्वंतरी एके दिवशी दुकानात उभा असताना सगळे कूलर त्यांच्याभोवती फिरायला लागले. त्यांनी एका कूलरला मिठी मारली, डोळे मिटले आणि लिंबू-मिठाचं पाणी मागवलं. आठवड्याने परत तेच. परत मीठ. दुकानातल्या गड्याने चक्कर येते का म्हणून विचारलं तर म्हणाले, "माले चक्कर नई येत, जमीनच जराशी हालस." शेवटी अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना गल्लीतल्या डॉक्टरकडे ढकलत नेलं. रक्तदाब बघून डॉक्टरच खुर्चीत सरसावून बसले. एक गोळी झाली, दोन झाल्या, तिसरी आली, दाब काही उतरेना. वर पायांत गोळे यायला लागले, हातापायांतलं बळ गेलं. साडूभाऊंनी शांत डोक्याने विचार केला आणि मशीनलाच ऊन लागलंय असं ठरवलं. पुढच्या खेपेला त्यांनी दाब मोजायच्या यंत्राशेजारी कांदा ठेवला. दाब तेवढाच निघाला, तेव्हा कांदा लहान होता म्हणाले.

आमच्याकडे बारसं होतं, त्या दिवशी मात्र हसण्यावारी न्यायची सोय उरली नाही. अक्काला मागे बसवून ते स्कूटरवर जळगावला निघाले आणि पारोळ्याच्या अलीकडे भर रस्त्यात त्यांना भोवळ आली. कशीबशी स्कूटर कडेला लागली आणि हे बाभळीखाली आडवे झाले. मी गाडी घेऊन पोचलो तेव्हा अक्का एका हाताने स्कूटर आणि एका हाताने नवरा धरून बसली होती.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला आणि सांगितलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या यांच्या अंगात अल्डोस्टेरॉन नावाचा रस गरजेपेक्षा फार जास्त सोडतायत. त्या रसामुळे शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. म्हणून दाब चढलेला, म्हणून चक्कर, म्हणून पायांत गोळे. "आणि तुम्ही वरून मिठाचं पाणी पीत होतात," बाई म्हणाल्या. कोणीही शरमला असता. साडूभाऊंची छाती फुगली. "म्हंजे मना शरीरले बी मीठनं महत्त्व समजेल शे," ते मला म्हणाले. वेगळी गोळी कायमची लागली, मीठ जवळजवळ बंद झालं आणि ऐकलं नाहीत तर लकवा मारेल, असं बाईंनी तोंडावर सांगितलं.

गोळी त्यांनी घेतली. मीठ सोडवेना. घरी अळणी जेवायचे आणि दुकानात शेव खायचे. मिशीतली शेव अक्काला दिसायची. तिने भांडण काढलं नाही, स्वतःच्या जेवणातलं मीठ बंद केलं. भाजी, भाकरी, ठेचा, सगळं अळणी, आणि तेही एप्रिल संपताना. साडूभाऊंची झोप उडाली. "अवं, उन्हायाना दिन शेतस, बिगर मीठनं चक्कर ई जाई तुले," ते तिच्या मागे मागे फिरायचे. अक्काचं एकच उत्तर, "तुम्ही सोडशात, तवय मी खासू." आयुष्यभर परक्या माणसांना पकडून पकडून मीठ पाजलं आणि घरातली बाई भर उन्हाळ्यात बिनमिठाची जेवतेय, हे काही त्यांना सोसलं नाही. आठवडाभरात दुकानातली शेव बंद झाली.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही धुळ्याला गेलो होतो. साडूभाऊ वाळले आहेत, चालतात सावकाश, पण जमीन आता हलत नाही. जेवायला बसलो. आमची भाजी चमचमीत होती, त्यांची वाटी वेगळी. अक्का पानावर बसली तरी ते जेवायला सुरुवात करेनात. त्यांनी मिठाचं भांडं ओढलं, चिमूट भरून तिच्या पानाच्या कडेला वाढली आणि विचारलं, "आखो जरासं टाकू का?" अक्का नको म्हणाली. मी उगीच पाणी प्यायलो. साडूभाऊंनी मिठाची बोटं क्षणभर डोळ्यांसमोर धरली, चाटली नाहीत, पंच्याला पुसली आणि आपल्या अळणी वरणात भाकरी कुस्करायला लागले.