फळ्यावर चढलेलं वाक्य

प्रियदर्शनीबाईंना लेखिका वगैरे काही व्हायचं नव्हतं. त्यांना शनिवारी दुपारी दोन तास घराबाहेर पडायचं होतं, बस. पण नारायण पेठेत पंचावन्न ओलांडलेल्या बाईने उगीच बाहेर पडायचं म्हणजे कारण लागतं. देवळात जाते म्हटलं तर 'आईंनाही ने' म्हणतात, मैत्रिणीकडे म्हटलं तर कपाळाला आठ्या. 'लेखन कार्यशाळा' म्हटल्यावर मात्र यजमानांनी, म्हणजे दत्तप्रसादांनी, पेपर खाली केला आणि "जा की, जा!" म्हणाले. विद्येचं नाव काढलं की आमच्या पेठेत कुणी आडवं येत नाही.

घरात माणसं तीन. दत्तप्रसाद खडकीच्या कारखान्यात नोकरीला; शनिवार-रविवार सोडले तर सकाळी गेले की संध्याकाळी उगवणार. प्रियदर्शनीबाई घरात. आणि सासूबाई गोदाबाई, ज्यांना सगळे आई म्हणत. आईंना विस्मरणाचा आजार. काय गोंडस नाव आहे! ऐकणाऱ्याला वाटतं, चष्मा कुठे ठेवला ते विसरत असतील बिचाऱ्या. आई संडास कुठे करायची ते विसरल्या होत्या. सून चोर आहे असं समजून तिच्या मनगटाला चावल्या होत्या. तीन आया ठेवून झाल्या. तिघींना आईंनी ओरबाडून, थुंकून पळवून लावलं. एकदा तर जिना उतरून नुसत्या परकरावर लक्ष्मी रस्त्यापर्यंत पोचल्या. तेव्हापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली बाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात. कुलूप सासूसाठी होतं, पण कुलपाला काय कळतंय सासू कोण आणि सून कोण!

कार्यशाळा वाचनालयाच्या माडीवर भरायची. शिकवणारे सर निवृत्त प्राध्यापक, आवाज खर्जातला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "उगाच कागद काळे करू नका. लिहिताना हेतू हवा. वाचून उठणारा माणूस वाचायला बसलेला माणूस राहता कामा नये." सगळ्यांनी लिहून घेतलं.

बाईंनी पहिला लेख लिहिला तो खरा. त्यात मनगटावरचे दात होते, रोजची घाण होती, आणि 'देवा, यांना ने नाही तर मला ने' हेही होतं. बाई वाचताना रडल्या. सरांनी खाकरून म्हटलं, "अनुभव दाहक आहे. पण वाचकाने यातून घ्यायचं काय? तुम्ही त्याला अंधारात नेऊन सोडलंत. दिवा कुठाय?"

झालं! बाई घरी आल्या आणि दिवा शोधायला बसल्या. आठ दिवस खपून दुसरा लेख लिहिला. नाव 'माझी म्हातारी लेक'. त्यात चावणं गेलं आणि 'बालसुलभ हट्ट' आला. कुलूप गेलं, 'घराचं ऊबदार दार' आलं. आणि शेवटी एक वाक्य असं काही जमून गेलं, की बाईंना स्वतःलाच शहारा आला: 'ज्या हातांनी आईला आश्रमाच्या दारात सोडलं, त्या हातांनी देवाला फूल वाहू नये.' सरांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. माडीवरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. लग्नानंतर पहिल्यांदा बाईंसाठी कुणी टाळ्या वाजवल्या होत्या. खोटं कशाला बोला, त्यांना फार फार बरं वाटलं.

लेख पेपरच्या पुरवणीत आला आणि मग मोबाइलवर पसरला. दत्तप्रसादांच्या धाकट्या बहिणीने, नाशिकच्या सोनालीने, तो बावीस ठिकाणी पाठवला. चौकातल्या मंडळाच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिणारे काका आहेत. त्यांनी ते वाक्य रंगीत खडूने लिहिलं आणि खाली बाईंचं नाव घातलं. एरवी तिथला सुविचार दुसऱ्या दिवशी पुसला जातो. हा काही पुसेनात. पेठेत इतकं कौतुक म्हणजे गंमत नाही. इथे लोक चहाला बरा म्हणतानासुद्धा हात आखडतात. भाजीवाली कोथिंबीर जास्त घालायला लागली. दत्तप्रसाद कारखान्यात 'त्या लेखाच्या बाईंचे मिस्टर' झाले आणि मान ताठ करून चालू लागले.

आणि इकडे बाईंचं अंग बाहेर यायला लागलं. आईंना उचल, बसव, अंघोळीच्या पाटावरून उठव. कुणाचं शरीर किती सोसणार? डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चिडल्याच. "गर्भाशय खाली उतरलंय. ऑपरेशन करा आणि पुढे तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आणखी थांबलात तर मूत्राशयावर जाईल. कळतंय का?"

कळत होतं. पण तीन महिने आईंना कोण बघणार? सोनालीला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "वहिनी, तुझ्याशिवाय आई कुणाकडे राहील का? तूच तर लिहिलंयस." बाईंनी गुपचूप खडकीच्या पुढच्या एका शुश्रूषा केंद्रात आईंचं नाव घातलं. छोटंसं केंद्र, खाटा मोजक्याच, रांग मोठी. आणि नशीब बघा, तिथून फोन आला: "एका बाईंनी ऐनवेळी नाव मागे घेतलंय. खाट हवी असेल तर रविवारी येऊन सही करा."

त्या रात्री घरात जे व्हायचं ते झालं. दत्तप्रसाद म्हणाले, "फळ्यावरचं पुसून ये आधी." बाईंनी त्यांना डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला. त्या रडल्या, भांडल्या, जेवल्या नाहीत. दोन दिवसांनी ते एकदाचे बधले. "तीन महिने. त्यावर एक दिवस नाही. आणि लोकांना तोंड तू द्यायचंस, मी नाही." बाईंना लोकांचं काही वाटेना. त्यांनी हॉस्पिटलात तारीख घेतली. स्वतःचे दोन गाऊन धुऊन, घडी करून पिशवीत भरून ठेवले. लग्नाला निघालेल्या मुलीसारख्या बाई ती पिशवी दिवसातून चारदा उघडून बघत.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई, हातात पेढ्यांचा पुडा. "मी भाग्यश्री. सदाशिव पेठेत राहते. तुमचा लेख वाचला, आणि भेटल्याशिवाय राहवेना."

बाईंनी कुलूप काढलं, तिला आत घेतलं, पुन्हा कुलूप लावलं. भाग्यश्री ते बघतच राहिली. आतल्या खोलीत आई कुणाला तरी शिव्या घालत होत्या.

"माझ्या सासूबाईंनाही हाच आजार," भाग्यश्री म्हणाली. "मिस्टर नाहीत, मी बँकेत. सासूबाईंसाठी केंद्रात खाट ठरली होती, खडकीच्या पुढे. मग तुमचं वाक्य वाचलं. ताई, मी रात्रभर झोपले नाही. खाट सोडून दिली, बँकेत राजीनामा दिला. महिनाअखेरीस सुटेन आणि घरीच बसेन."

ऐनवेळी नाव मागे घेणारी बाई ती हीच.

खरं काही न सांगता पेढा खायचा, 'धन्य आहात' म्हणायचं आणि तिला वाटेला लावायचं. उद्या सही. एवढं सोपं होतं. बाईंनी पेढा उचललासुद्धा.

"एकच विचारायचं होतं," भाग्यश्रीचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला कधी राग येतो का हो? मला येतो. काल मी त्यांचा हात पिरगाळला. मग तुमचा लेख पुन्हा वाचला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. तुम्ही कसं हो जमवता?"

बाईंनी पेढा खाली ठेवला. बांगड्या वर सारून मनगटावरचा चाव्याचा वण दाखवला. "नाही जमवत. परवा मी आईंना मारलं. खोटं आहे ते सगळं, भाग्यश्री. आधी खरं लिहिलं होतं, ते कुणाला नको होतं. मग लोकांना भिडेल असं लिहिलं. भिडलं, बघा."

भाग्यश्री ताडकन उठली. "अहो, मी नोकरी सोडली! पुढे खायचं काय मी? तुम्हाला काय, टाळ्या मिळाल्या!" आणि मग दोन्ही हातांत तोंड झाकून ती मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. तिला काय म्हणणार? तिचं एक अक्षरही चूक नव्हतं.

बाईंनी फोन लावला. "हो, गोदाबाईंची सून बोलतेय. ती खाट मला नको. ज्यांनी नाव मागे घेतलं होतं ना, त्यांनाच परत द्या. आहेत इथेच, बोला." आणि फोन भाग्यश्रीच्या हातात दिला. राजीनामा मंजूर व्हायचा होता, तोही सोमवारी मागे घेता येणार होता. जाताना भाग्यश्रीने विचारलं, "पण तुम्हाला कशासाठी हवी होती खाट?" बाई म्हणाल्या, "सहज." आणि दार लावून घेतलं. त्यानंतर न्हाणीघरात नळ मोठा सोडून त्या इतक्या रडल्या, की आईसुद्धा ओरडायच्या थांबल्या.

बाजारातून आल्यावर दत्तप्रसादांना कळलं, खाट नको म्हणून कळवलंय. का, हे बाई सांगायला लागल्या होत्या, पण ऐकायला कोण थांबतंय! त्यांचा चेहरा असा उजळला, जणू घरात मुंज ठरली. "मला माहीतच होतं! ऑपरेशनचं काय, बघू दिवाळीनंतर." लगेच सोनालीला फोन, तोही मोठ्या आवाजावर. "अगं, हातात आलेली खाट सोडली हिने! लिहिलं तसं जगणारी बाई आहे तुझी वहिनी!"

"वहिनी, रडवलंस गं!" सोनाली पलीकडून म्हणाली. "थांब, तुझा लेख पुन्हा सगळ्या ग्रुपवर टाकते. आणि खाली हेही लिहिते."

बाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "टाकू नकोस."

"का गं?"

"खोटं आहे ते. मी जे लिहिलं ते खोटं आहे, सोनाली. माझ्याच्याने होत नाही. मी मरेन इथे."

पलीकडे सोनाली कौतुकाने हसली. "बघ ना दादा, एवढं सगळं करते आणि वर किती गं बाई हा विनय!"

आणि तिने लेख टाकला. खाली विनयाचंही लिहिलं.